‘कमी दुष्परिणाम’ : एका व्यतिरेकाचे वाचन

‘इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम केमोथेरपीपेक्षा कमी असतात’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतून, रुग्णालयांच्या माहितीपत्रकांतून आणि आप्तस्वकीयांच्या संभाषणातून आता इतके रुळले आहे की ते एक विधान आहे, आणि विधान म्हटले की ते तपासून पाहावे लागते, याचाच विसर पडावा. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. औषधविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु वाक्य कसे वाचावे, हा आमचा प्रांत निश्चितच आहे. आणि ज्या वाक्यावर विसंबून माणसे आपल्या आप्तांच्या देहाविषयीचे निर्णय घेतात, ते वाचण्याची जबाबदारी केवळ डॉक्टरांवर सोडून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हे वाक्य व्यतिरेकाच्या जातीचे आहे. उपमेय हे उपमानापेक्षा वरचढ आहे, असे येथे सांगितले जाते. पण वरचढ कोणत्या धर्माने? गोडीने, तेजाने की शीतलतेने? काव्यात हा धर्म लुप्त राहिला तरी रसिक तो संदर्भाने भरून काढतो, किंबहुना भरून काढण्यातच त्याचा आनंद असतो. माहितीपत्रकात तो लुप्त राहिला की रुग्ण आपल्या समजुतीप्रमाणे भरतो. ‘कमी’ म्हणजे कमी लोकांना होणारे? कमी तीव्र? कमी काळ टिकणारे? की कमी ओळखीचे? या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि काही उत्तरे परस्परविरुद्धही आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही हा लुप्त धर्म शोधण्याचा प्रयत्न करणार आहोत.

मुळात ही औषधे करतात काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील विल्यम कोली या शल्यविशारदाने कर्करोगाच्या रुग्णांना जिवाणू आणि पुढे त्यांची विषे टोचून शरीराचीच प्रतिकारयंत्रणा जागी करण्याचा प्रयत्न केला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २०११ साली, इपिलिमुमॅब हे औषध मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्य झाले. २०१४ साली पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही दोन औषधे आली. यांच्यामागील मूलभूत संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांनी दाखवून दिलेली गोष्ट अशी : आपल्या रक्तातील टी-पेशींवर काही लगाम असतात. त्या भान सुटून स्वतःच्याच शरीरावर तुटून पडू नयेत म्हणून निसर्गाने ते घातलेले असतात. कर्करोगाच्या पेशी नेमके हेच लगाम खेचून धरतात आणि आपला बचाव करून घेतात. ही औषधे तो लगाम सोडवतात.

इंग्रजी वैद्यकात यासाठी कधी गाडीच्या ब्रेकचे, कधी तपासनाक्याचे रूपक योजतात. आमच्या मते आपल्या शेतीत याहून नेमके रूपक आहे. कोळपणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधतात. तो चालता चालता उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून. मुसके सोडले तर बैल तण खाईल हे खरे. पण पिकातही तोंड घालील. कुठे घालील, केव्हा घालील आणि किती खाईल, हे मुसके सोडणाऱ्याला आधी सांगता येत नाही. कोणतेही रूपक सर्वांगांनी लागू पडत नसते, हेही पडत नाही. परंतु एक गोष्ट ते स्पष्ट करते. बैलाला जास्तीचा खुराक देणे वेगळे आणि त्याचे मुसके सोडणे वेगळे. आपल्याकडे मात्र या औषधांचे वर्णन सर्रास ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी इंजेक्शने’ असे होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ज्या समाजाने ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे, चूर्णे आणि गोळ्या घरोघरी रिचवल्या, त्या समाजाच्या कानाला हे शब्द शक्तिवर्धकाचे वाटणार, यात नवल नाही. आणि शक्तिवर्धकाचे दुष्परिणाम ते काय असायचे!

‘दुष्परिणाम’ हा शब्दही जरा निरखून पाहण्याजोगा आहे. ‘दुष्’ या उपसर्गाने परिणामाला नैतिक रंग चढतो. जणू काही औषध चांगले आणि त्याच्यासोबत एक दुष्ट सावली आलेली. ‘साइड इफेक्ट’ या रूढ शब्दात तो परिणाम बाजूला, कडेला असल्याचे सुचवले जाते. केमोथेरपीच्या संदर्भात ही कल्पना काही अंशी तरी पटण्याजोगी आहे. तेथे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारल्या जातात आणि त्या तडाख्यात केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, रक्त निर्माण करणारा अस्थिमगज हेही सापडतात. इम्युनोथेरपीत मात्र जी टी-पेशी गाठीवर चालून जाते, तिच्याच जातीची पेशी आतड्यावरही चालून जाते. मुख्य परिणाम आणि बाजूचा परिणाम यांचा उगम एकच. दोघांत अंतर आहे ते फक्त स्थळाचे. येथे ‘साइड’ या शब्दाचा मुख्यार्थच बाधित होतो. मुख्यार्थबाध झाला की वाचकाने लक्षणेकडे वळावे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण माहितीपत्रकाच्या वाचकाला हा बाध झाल्याचे कळावे कसे?

आता प्रत्यक्ष तुलनेकडे वळू. पहिली तुलना या औषधांमधील आपापसांतली. इपिलिमुमॅब ज्या लगामाला हात घालते त्याचे नाव सीटीएलए-४. टी-पेशी प्रथम जागी होते त्या प्राथमिक टप्प्यावर, मुख्यतः लसिकाग्रंथींमध्ये, हा लगाम काम करतो. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ज्या लगामाला हात घालतात तो पीडी-१. त्याचे काम मुख्यतः पुढच्या टप्प्यावर, प्रत्यक्ष ऊतींमध्ये चालते. या एका फरकातून त्यांच्या परिणामांची दोन निराळी चित्रे उमटतात. इपिलिमुमॅबमध्ये मोठ्या आतड्याचा दाह आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा दाह अधिक आढळतो. पीडी-१ रोधकांमध्ये थायरॉइड मंदावणे, सांधे दुखणे आणि फुप्फुसाचा दाह यांचे प्रमाण तुलनेने अधिक. म्हणजे येथे केवळ कमीजास्तीचा प्रश्न नाही, प्रकाराचाही आहे. फुप्फुस आधीच दुबळे असलेल्या रुग्णाला आणि आतड्याचा जुना विकार असलेल्या रुग्णाला या दोन चित्रांचा अर्थ सारखाच कसा लागेल?

आकड्यांत पाहिले तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चेकमेट ०६७’ या चाचणीत मेलानोमाचे ९४५ रुग्ण होते. उपचारामुळे उद्भवलेले तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे, म्हणजे गंभीर ते जिवावर बेतणारे, परिणाम निव्होलुमॅबच्या गटात १६.३ टक्के, इपिलिमुमॅबच्या गटात २७.३ टक्के आणि दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या गटात ५५ टक्के रुग्णांना झाले. तीनही गट एकाच चाचणीतले, एकाच पद्धतीने मोजलेले; त्यामुळे ही तुलना ग्राह्य धरता येते. पण त्याच वर्षीच्या ‘कीनोट-००६’ या दुसऱ्या चाचणीत हेच इपिलिमुमॅब, याच आजाराच्या रुग्णांना, शरीराच्या वजनाप्रमाणे याच मात्रेत दिले असता तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीच्या परिणामांचा आकडा १९.९ टक्के निघाला. निव्होलुमॅबचेही तसेच. चेकमेटमध्ये १६.३ टक्के, तर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिलेटिव्हिटी-०४७’ या चाचणीत एकट्या निव्होलुमॅबच्या गटात ९.७ टक्के.

औषध तेच, आजार तोच आणि आकडा मात्र निराळा. साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे आश्चर्य वाटू नये. एकच शब्द दोन कवितांत निराळा अर्थ धारण करतो, कारण त्याच्या भोवतालचे शब्द निराळे असतात. चाचणीत कोणते रुग्ण घेतले, औषध किती काळ चालले, नोंद कोणी आणि कितीदा घेतली, डॉक्टर या परिणामांना कितपत सरावलेले होते, या सर्व गोष्टी त्या आकड्याचा संदर्भ होत. म्हणूनच एका चाचणीतील एका औषधाचा आकडा उचलून दुसऱ्या चाचणीतील दुसऱ्या औषधाच्या आकड्याशेजारी ठेवणे आणि ‘हे त्यापेक्षा सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणे, हे दोन कवींच्या दोन सुट्या ओळी समोरासमोर ठेवून त्यांच्या प्रतिभेचा निवाडा करण्यासारखे आहे. दुर्दैवाने वृत्तपत्रीय तक्ते बहुधा असेच तयार होतात.

दुसरी तुलना केमोथेरपीशी. आमचे मूळ वाक्य येथूनच आले आहे, आणि त्याला आधार नाही असे मुळीच नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३०५ निवडक रुग्णांवर झालेल्या ‘कीनोट-०२४’ या चाचणीत (२०१६) गंभीर किंवा त्याहून वरच्या श्रेणीचे परिणाम पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात २६.६ टक्के रुग्णांना झाले, तर केमोथेरपीच्या गटात ५३.३ टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ निम्मे. वाक्य सिद्ध झाले म्हणायचे? याच चाचणीत दुसराही एक तक्ता आहे. प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यातून उद्भवणारे परिणाम तेवढे वेगळे काढले, तर पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात त्यांचे प्रमाण २९.२ टक्के आणि केमोथेरपीच्या गटात ४.७ टक्के आहे. त्यांतले गंभीर तेवढे मोजले तर ९.७ विरुद्ध ०.७. चाचणी एकच, रुग्ण तेच; प्रश्न बदलला की ‘कमी’चे ‘जास्त’ होते. दोन्ही तक्ते खरे आहेत. पहिला सांगतो की एकंदर त्रास कमी लोकांना होईल. दुसरा सांगतो की जो होईल त्यातला काही अगदी निराळ्या जातीचा असेल. माहितीपत्रकात येतो तो मात्र पहिलाच.

निराळ्या जातीचा म्हणजे कसा? केमोथेरपीच्या त्रासाला एक पंचांग असते. मळमळ पहिल्या काही दिवसांत, पांढऱ्या पेशी उतरणे साधारण दुसऱ्या आठवड्यात, केस गळणे त्यानंतर लवकरच. घरातल्या बायकांनाही ते पाठ होते. कोणत्या दिवशी मऊ भात लावायचा आणि कोणत्या दिवशी पाहुण्यांना नको म्हणायचे, हे त्यांना कळू लागते. इम्युनोथेरपीच्या त्रासाला असे पंचांग नाही. बऱ्याच रुग्णांना तो पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होतो, पण वर्षभराने, किंबहुना औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही तो उद्भवू शकतो. त्वचा, आतडे, यकृत, फुप्फुस, सांधे, अंतःस्रावी ग्रंथी, क्वचित हृदयाचे स्नायू आणि मज्जातंतू, असा त्याचा संचार कोठेही असतो. शिवाय केमोथेरपीच्या त्रासावर उपाय त्या त्या त्रासाचे असतात. येथे मुख्य उपाय म्हणजे स्टेरॉइड देऊन खुद्द प्रतिकारयंत्रणेलाच शांत करणे. आणि हा उपाय जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो.

नेमका येथे शब्दांचा प्रश्न जिवाचा प्रश्न होतो. आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेच्या सासऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगासाठी यांपैकी एक औषध सुरू होते. एका रुग्णालयातून मिळालेल्या मराठी पत्रकात त्याचे वर्णन ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे, सौम्य दुष्परिणामांचे औषध’ असे होते आणि परिणामांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर ‘अतिसार’ असा एकच शब्द होता. दोनएक महिन्यांनी त्यांना जुलाब सुरू झाले. घरात कोणी ‘अतिसार’ म्हणत नाही. पोट बिघडले, असे म्हणतात. पोट बिघडले म्हणून ताकभात झाला, सुंठ झाली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी झाली. सासूबाईंचे म्हणणे असे, की औषध शक्तीचे आहे, अंगात मुरताना थोडा त्रास व्हायचाच. पाचव्या दिवशी त्यांना उठवेना, तेव्हा इस्पितळात नेले. आतड्याच्या दाहाचे निदान झाले, स्टेरॉइड दिले गेले आणि ते त्यातून सुखरूप बाहेर पडले. पाच दिवस गेले ते कोणाच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. घरातले प्रत्येकजण पत्रक वाचून, त्यातल्या शब्दांना धरूनच वागले होते. ‘सौम्य’ या विशेषणाने त्यांना धीर दिला आणि ‘अतिसार’ या नामाने त्यांना काहीच सांगितले नाही. ‘या औषधावर असताना नेहमीपेक्षा अधिक वेळा शौचास होऊ लागले, तर घरी उपाय न करता त्याच दिवशी आम्हांला फोन करा,’ हे एक साधे वाक्य तेथे हवे होते.

हा ‘सौम्य’ शब्द येतो कोठून, हेही पाहिले पाहिजे. चाचण्यांतील परिणाम अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केलेल्या मोजपट्टीवर एक ते पाच अशा श्रेणींत नोंदवले जातात : पहिली सौम्य, दुसरी मध्यम, तिसरी गंभीर, चौथी प्राणघातक ठरू शकणारी आणि पाचवी मृत्यू. तिची २०१७ सालची पाचवी आवृत्ती आम्ही एखाद्या संहितेप्रमाणे वाचली, आणि ती मोठी बोलकी संहिता आहे. नेहमीपेक्षा दिवसाला चाराहून कमी जास्तीचे जुलाब ही पहिली श्रेणी. चार ते सहा ही दुसरी. सात किंवा अधिक ही तिसरी. वर्तमानपत्रांत आणि परिषदांत येणारे तुलनेचे आकडे बहुधा तिसऱ्या श्रेणीपासून वरचे असतात. म्हणजे दिवसाला सहा जास्तीचे जुलाब होणारा वृद्ध त्या ठळक आकड्यात नाही. थकव्याचे पाहा. विश्रांतीनेही न जाणारा, स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचे व्यवहार यांत अडथळा आणणारा थकवा ही दुसरी श्रेणी; स्वतःची आंघोळ, कपडे, जेवण यांत अडथळा आणणारा थकवा ही तिसरी. ज्या घरात स्वयंपाक एकाच बाईच्या हातचा असतो त्या घरात ती स्वयंपाकघरात उभी राहू न शकणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. मोजपट्टीला ते ‘मध्यम’ वाटते.

थायरॉइड ग्रंथी कायमची मंदावली आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेणे आले, तर तेही सामान्यतः दुसऱ्याच श्रेणीत बसते. वैद्यकाच्या दृष्टीने हे रास्तही आहे. गोळीने प्रकृती ठीक राहते. पण पीयूषिका किंवा अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या, अथवा क्वचित घडते त्याप्रमाणे इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागणारा मधुमेह जडला, तर बहुधा तो जन्मभराचा सोबती होतो. केमोथेरपीतले केस परत उगवतात. या ग्रंथी सहसा परतत नाहीत. केमोथेरपीचेही काही परिणाम, उदाहरणार्थ हातापायांची बधिरता, दीर्घकाळ राहतात, हे आम्ही विसरत नाही. मुद्दा एवढाच, की श्रेणी तीव्रता मोजते, मुदत मोजत नाही. तीव्र पण तात्पुरते आणि सौम्य पण कायमचे, यांत काय पत्करावे, हा निर्णय तक्ता करू शकत नाही. तो रुग्णाने करायचा असतो, आणि त्यासाठी दोन्ही विशेषणे त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजेत.

आणखी एक उदाहरण कोडाचे. मेलानोमाच्या काही रुग्णांच्या त्वचेवर या औषधांमुळे पांढरे डाग पडतात. डॉक्टरांच्या दृष्टीने ही बहुधा शुभवार्ता असते. ज्यांना असे डाग पडतात त्यांच्यात औषधाचा गुण अधिक चांगला येतो, असे आढळले आहे. मोजपट्टीत या परिणामाला दोनच श्रेणी आहेत, तिसरी नाहीच. आपल्याकडे मेलानोमा विरळा, त्यामुळे हा प्रसंगही विरळा. परंतु ज्या समाजात कोडामुळे सोयरीक मोडते, त्या समाजाने ही मोजपट्टी तयार केली असती तर तिला तिसरी श्रेणी असती काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मोजपट्टी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक मोजपट्टी कोणत्या तरी ठिकाणी उभे राहून धरलेली असते. याची जाणीव खुद्द त्या संस्थेलाही आहे. म्हणूनच तिने रुग्णाने स्वतः भरावयाची निराळी प्रश्नावली तयार केली. डॉक्टरने नोंदवलेला त्रास आणि रुग्णाने सांगितलेला त्रास ही दोन निवेदने आहेत, आणि निवेदक बदलला की कथा बदलते.

मृत्यूचा विषय टाळून ही तुलना पुरी होत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात औषधाच्या परिणामांमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण पीडी-१ रोधकांत ०.३६ टक्के, सीटीएलए-४ रोधकांत १.०८ टक्के आणि एकत्र उपचारांत १.२३ टक्के आढळले. म्हणजे शंभरांतील नव्व्याण्णवांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत असे होत नाही. हा दिलासा खराच आहे. परंतु त्याच अभ्यासात हृदयस्नायूच्या दाहाच्या ज्या १३१ नोंदी पाहिल्या गेल्या, त्यांपैकी ५२ जण दगावले होते. हा परिणाम अत्यंत दुर्मीळ; पण झाला तर अत्यंत घातक. ‘दुर्मीळ’ आणि ‘सौम्य’ या दोन शब्दांची गल्लत होऊ नये, म्हणून हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत.

आमच्या या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. अशाने रुग्ण घाबरतील, आणि जे औषध त्यांना वाचवू शकते ते नाकारतील. परिणामांची तुलना लाभाच्या तुलनेपासून तोडली तर असे होईलही. म्हणून ती तोडता कामा नये. चेकमेट ०६७ मध्ये एकत्र उपचाराने ५५ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला हे खरे. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांनुसार त्या गटातील ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. एकट्या निव्होलुमॅबच्या गटात ३७ टक्के, एकट्या इपिलिमुमॅबच्या गटात १९ टक्के. पसरलेल्या मेलानोमाचे रुग्ण एकेकाळी वर्षभरही क्वचितच काढत, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे मोल कळते. सर्वांत जास्त त्रास देणारा उपचारच येथे सर्वांत अधिक आयुष्य देतो. पण एकट्या निव्होलुमॅबचे ३७ टक्के त्यापासून फार दूर नाहीत आणि त्रास बराच कमी आहे. कोणी पहिला मार्ग निवडील, कोणी दुसरा. दोन्ही निवडी शहाणपणाच्या असू शकतात. शहाणपणाची नसते ती न कळता झालेली निवड. शिवाय पूर्वसूचना मिळालेला रुग्ण घाबरतो हे गृहीतकच आम्हांस मान्य नाही. आमच्या सहकारिणीच्या घरी भीती वाटली ती पाचव्या दिवशी, इस्पितळाच्या दारात. ती पहिल्या दिवशी थोडी वाटली असती तर बरे झाले असते.

तुलनेचा आणखी एक धर्म आहे; तो वैद्यकीय तक्त्यांत अलीकडेच येऊ लागला आहे. तो म्हणजे पैसा. या औषधांची किंमत आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि शेत गहाण टाकून घेतलेल्या औषधाचा ‘सौम्यपणा’ कसा मोजावा, हा प्रश्न कोणत्याही श्रेणीत बसत नाही. या बाबतीत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील काम महत्त्वाचे आहे. तेथे डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या, २०२३ साली छापून आलेल्या चाचणीत कमी मात्रेच्या तोंडी औषधांना दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली गेली. प्रचलित ठरावीक मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते, हे ध्यानात घ्यावे. वर्षअखेर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तिसऱ्या व त्यावरील श्रेणीचे परिणाम निव्होलुमॅबविना ५० टक्के आणि निव्होलुमॅबसह ४६.१ टक्के होते. म्हणजे जोड दिल्याने त्रास वाढला नाही. आपल्या रुग्णांसाठी, आपल्या खिशाला धरून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे. परदेशी तक्त्यांच्या भाषांतरातून ते मिळाले नसते.

याच मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी ‘नेक्सकार१९’ हा कार-टी पेशींचा उपचार तयार झाला; त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल करून त्या परत देण्याचा हा उपचारही ‘इम्युनोथेरपी’च म्हणवतो. परंतु त्याचे मुख्य धोके सर्वस्वी निराळे आहेत : पेशी अंगात गेल्यावर काही दिवसांतच चढणारा तीव्र ताप, उतरणारा रक्तदाब, क्वचित वाचेवर आणि शुद्धीवर होणारा परिणाम. एकाच सामान्यनामाखाली इतके भिन्न उपचार नांदत असता ‘इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम’ असा एकवचनी, एकजिनसी विषय मांडणे हेच मुळात चुकीचे आहे. ‘कविता अवघड असते’ या विधानासारखे ते विधान आहे. कोणाची, कोणती, हे विचारल्यावाचून त्यास ना होकार देता येतो, ना नकार.

मग आम्ही मराठीच्या अध्यापकांनी करावे तरी काय? आमची सूचना साधी आहे. २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला त्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे. ही माहिती मराठीत कोण आणते? बहुधा भाषांतराच्या संस्था, शब्दकोश समोर ठेवून. त्यातून ‘अतिसार’, ‘प्रतिकूल घटना’, ‘सहनीय’ असे शब्द जन्माला येतात. ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध असतात आणि एवढ्यावरच सगळ्यांचे समाधान होते. आमच्या विद्यापीठांतील पदव्युत्तर विभागांत भाषांतरमीमांसा शिकवली जाते, व्यावहारिक मराठी शिकवली जाते. परीक्षेत निमंत्रणपत्रिका, इतिवृत्त आणि जाहिरात यांचे नमुने लिहून घेतले जातात. तेथे दरवर्षी एक संमतिपत्र का घेऊ नये? ते विद्यार्थ्यांनी मराठीत आणावे, जवळच्या रुग्णालयातील परिचारिकेला आणि वॉर्डातील एखाद्या आजोबांना वाचून दाखवावे, आणि त्यांना काय कळले ते लिहून आणावे. वऱ्हाडात पोट बिघडण्याला काय म्हणतात, कोकणात धाप लागण्याला काय म्हणतात, याचे संकलन बोलीच्या अभ्यासकाला करता येईल. ते एखाद्या कोशात पडून राहण्यापेक्षा रुग्णाच्या उशाशी अधिक उपयोगी पडेल. वैद्यकीय अचूकतेची जबाबदारी अर्थातच डॉक्टरांची. पण अचूक विधान कळेल असे लिहिणे, हे दुसरे काम आहे आणि ते आमचे आहे.

‘कमी दुष्परिणाम’ हे शब्द यापुढे कोठे दिसले, तर वाचकांनी, विशेषतः शिकवणाऱ्या वाचकांनी, चार गोष्टी विचाराव्यात : कोणत्या औषधाचे, कशाच्या तुलनेत, किती काळ टिकणारे आणि कोणी मोजलेले. उत्तर मिळाले तर ते आपल्या घरातल्या माणसाला आपल्या बोलीत सांगावे. मिळाले नाही, तर पत्रक देणाऱ्याला नम्रपणे परत विचारावे. कारण पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत एखादे वाक्य बदलायचे असेल, तर ते बहुधा अशाच विचारण्यामुळे बदलते.